टायरवरचे चार आकडे
(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



मी व्यवसायानं लेथवाला. शिवाजी उद्यमनगरात माझं लहानसं वर्कशॉप आहे. गेली तीसेक वर्षं, सुट्टी मिळाली की मी मोटारसायकल काढतो आणि कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगराकडे जातो. गगनबावडा, राधानगरी, आंबा, अणुस्कुरा, आजऱ्याकडून आंबोली, पाटगाव. तीनदा हिमालयातही जाऊन आलो. शर्यत मी कधी जिंकली नाही, कुठल्या यादीत माझं नाव नाही. त्यामुळं इथं बोलायला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, लांबच्या प्रवासावर बोलतो, पण बराचसा वेळ टायरवर बोलणार. समोरच्या बाई जरा हसल्या. म्हणाल्या, "टायरवर पंधरा मिनिटं?" मी म्हटलं, कमीच पडतील.

वर्कशॉपमध्ये पोरं येतात. "काका, लडाखला जायचंय, कुठली गाडी घेऊ?" आता निवडीला वाव आहे, हे खरं. आमच्या वेळी डोंगरात जायला आरएक्स हंड्रेड, येझदी, राजदूत नाहीतर बुलेट. जी घरात असेल ती. मातीच्या रस्त्यासाठीच म्हणून बनवलेली गाडी आपल्याकडं परवडेल अशा किमतीत यायला बराच काळ गेला. २०११ साली हिरोची इम्पल्स आली, पण ती फारशी चालली नाही आणि बंद झाली. २०१६ ला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ ला हिरोची एक्सपल्स आली, २०२० ला केटीएमची ३९० ॲडव्हेंचर. आता कोल्हापुरात कुठल्याही सिग्नलला उंच गाडी आणि पुढं एकवीस इंची चाक दिसतं. पोरं मला सीसी सांगतात, दिवे सांगतात, मागच्या पेट्यांची किंमत सांगतात, जॅकेट दाखवतात. मी विचारतो, टायर कुठला? उत्तर ठरलेलं. "कंपनीचाच आहे की, काका!"

मी त्यांना हसत नाही. कारण मीही त्यातलाच होतो, आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्यानं मोजली. ती गोष्ट आधी सांगतो.

२०१२ चा जून. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, यानं एक जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकानं ती फारशी वापरलेली नव्हती, वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी होती. व्यवहार करण्याआधी तो ती माझ्याकडं घेऊन आला. "दाजी, एकदा नजर टाका." मी इंजिन ऐकलं, चेन ओढून पाहिली, पुढचे शॉक दाबले. टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून पाहिलं. खाचा खोल, कडा धारदार, मधल्या रेषेवरचे बारीक रबरी केसही काही ठिकाणी शाबूत. मी म्हटलं, "टायर एक नंबर. दोन वर्षं बघायला नको." हे माझे शब्द. ते मला आजही जसेच्या तसे आठवतात.

आम्ही पाच जण निघालो. मुदाळ तिट्टा, गारगोटी, पाटगाव, आणि पुढं रांगणा किल्ल्याकडं जाणारी चिक्केवाडीची कच्ची वाट. मृगाचा पाऊस दोनच दिवस झाला होता. सहाला निघायचं ठरलं होतं. मिसळ खाल्ल्याशिवाय कोल्हापूर सोडायचं नाही हा आमचा अलिखित नियम, त्यामुळं निघता निघता साडेनऊ वाजले. पाटगावला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिथून आत तांबडी माती, मधेच जांभ्याचे उघडे कातळ, त्यावर पहिल्या पावसाचं ओलसर शेवाळ. वाट वर चढत होती. मागून एक दूधवाला आला. साधी शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना किटल्या, पायात चप्पल. आम्ही पाच जण हेल्मेट, गुडघ्याला पॅड, हातमोजे घालून रांगत होतो आणि तो आमच्या बाजूनं सावकाश, पाय न टेकता निघून गेला. जाता जाता म्हणाला, "पाव्हणं, हवा जरा कमी करा की." आम्ही हसून हात केला. हवा कुणीच कमी केली नाही.

अर्ध्या तासानं मेहुण्याच्या गाडीचं मागचं चाक एका ओल्या कातळावर बाजूला गेलं. वेग फार तर दहा-बारा किलोमीटरचा असेल. गाडी आडवी झाली आणि त्याचा डावा घोटा तिच्या आणि दगडाच्या मधे सापडला. मोबाइलला रेंज नव्हती. दोघांनी गाडी उचलली, बाकीच्यांनी त्याला ओढून बाजूला घेतलं. बूट काढायचा नाही एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तोच दूधवाला परत येताना भेटला. त्यानं वाडीतून एक जीप आणवली, बाजल्यावरून त्याला जीपपर्यंत नेलं, पैसे घ्यायला ठाम नकार दिला. गारगोटीला पहिले उपचार, कोल्हापूरला पोचायला रात्रीचे अकरा. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं तुटली होती. पट्टी, स्क्रू, दोन ऑपरेशनं. तो एका कारखान्यात फिटर होता, दिवसभर उभं राहण्याचं काम. आठ महिन्यांनी कामावर गेला तेव्हा त्याला ते झेपेना. ते काम सुटलं. घोटा आजही पुरता वाकत नाही. गिअरची गाडी त्याला चालवता येत नाही.

दवाखान्यात सासूबाईंनी मला एवढंच विचारलं, "जावईबापू, तुम्ही बघितली होती न्हवं गाडी?"

महिन्याभरानं ती गाडी माझ्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात उभी होती. एका दुपारी मी ओल्या फडक्यानं मागचा टायर पुसत बसलो. बाजूच्या भिंतीवर, अक्षरांच्या ओळीच्या शेवटी, एका लंबगोलात चार आकडे होते: २९०५. मला त्यांचा अर्थ माहीत नव्हता. वीस वर्षं गाडी चालवणारा, दिवसभर व्हर्नियरनं शतांश मिलिमीटर मोजणारा माणूस मी. मला टायर वाचता येत नव्हता. टायरच्या दुकानात जाऊन विचारलं. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. एकोणतिसावा आठवडा, दोन हजार पाच. म्हणजे जुलै २००५. मी ज्याला नवा म्हटलं तो टायर सात वर्षांचा होता. नख त्याच्यात रुतत नव्हतं. करवंटीवर नख मारल्यासारखा आवाज येत होता.

रबर झिजतं तसं ते म्हातारंही होतं. ऊन, उष्णता, हवेतला प्राणवायू आणि ओझोन यांच्यामुळं ते हळूहळू कडक होतं, मग त्याला बारीक तडे जातात. हे लांबवण्यासाठी कारखान्यातच रबरात एक मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. टायर चालत असतो, दबतो-फुगतो, तेव्हा तो आतून पृष्ठभागावर येत राहतो आणि रबराला जपतो. गाडी उभी राहिली की हे थांबतं. म्हणजे न वापरलेल्या गाडीचा टायर वापरलेल्या गाडीच्या टायरहून लवकर कामातून जाऊ शकतो, खाचा मात्र नव्यासारख्या दिसतात. पाच वर्षं झाल्यावर टायर दर वर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर वापरूच नये, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. मातीत आणि ओल्या कातळावर जाणाऱ्यानं दहाची वाट पाहू नये, असं माझं मत.

त्या दिवशीचा सगळा दोष मी टायरवर टाकणार नाही. उशिरा निघालो म्हणून घाईत होतो. पाऊस पडून गेल्याचं माहीत असून गेलो. हवा डांबरी रस्त्याची होती. पण पहिली चूक माझ्या अंगठ्यानं केली होती.

आता टायरवर आणखी काय लिहिलेलं असतं ते सांगतो, कारण ती सगळी माहिती फुकट आहे आणि कुणी वाचत नाही. ९०/९०-२१ असं असेल तर पहिला आकडा रुंदी, नव्वद मिलिमीटर. दुसरा उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे. रुंदीच्या शेकडा नव्वद. तिसरा रिमचा व्यास, एकवीस इंच. त्यापुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा म्हणजे तो टायर किती वजन पेलेल याचा सांकेतिक क्रमांक. ५४ असेल तर दोनशे बारा किलो, ६५ असेल तर दोनशे नव्वद. अक्षर वेगाचं: पी म्हणजे ताशी दीडशे, एस म्हणजे एकशे ऐंशी. आपल्याला एवढ्या वेगाशी देणंघेणं नाही, पण वजनाशी नक्की आहे. गाडी, स्वार, मागं पेट्या, तंबू, पाण्याचे कॅन, वर पेट्रोल. सगळं जोडून एकदा काट्यावर चढवा. उद्यमनगरात वजनकाट्यांची कमतरता नाही. मी चढवलं तेव्हा माझं सामान मला वाटलं होतं त्याच्या दीडपट निघालं. आणि हो, बाजूला एक बाण असतो. चाक त्या दिशेनं फिरलं पाहिजे. पंक्चर काढल्यावर टायर उलटा बसवलेला मी कितीदा पाहिला आहे.

मग हवा. बेलफास्टमध्ये १८८८ साली डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी बसवली. तशी कल्पना टॉमसन नावाच्या माणसाला चाळीसेक वर्षं आधीच सुचली होती, पण ती चालली ती डनलॉपची. तेव्हापासून तत्त्व तेच आहे: गाडीचं ओझं रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. आणि जमिनीला टेकलेली जागा केवढी? तळहाताएवढी, कधी त्याहून लहान. अशा दोन जागांवर आपण जीव ठेवून चाललेलो असतो. हवा कमी केली की ती जागा लांबट होते, टायर दगडावरून उडण्याऐवजी दगडाला लपेटून जातो. दूधवाला हेच सांगत होता. त्यानं पुस्तक वाचलं नव्हतं, पण दुधाची किटली सांडून चालत नाही.

किती कमी करायची? गाडीच्या पुस्तिकेत असते त्यापेक्षा मी मातीत चार ते सहा पौंड कमी ठेवतो, याहून जास्त नाही. कारण आपल्या बहुतेक तारांच्या चाकांत ट्यूब असते. हवा फार कमी झाली तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. शिवाय टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि हवेची नळी मुळापासून फाटते. तिला ठिगळ लागत नाही. आणि डांबरावर परत आलं की हवा पुन्हा भरायची. हा कंटाळ्याचा भाग आहे, पण कमी हवेवर वेगानं गेलं की टायर तापतो. म्हणून सोबत छोटा पंप आणि स्वतःचा हवेचा काटा. स्वतःचा म्हणतोय, कारण रस्त्यात भेटणारे दोन काटे एकच आकडा दाखवतील तर शपथ. हवा मोजायची सकाळी, टायर गार असताना.

ट्यूबलेस चांगला की ट्यूबवाला, हा वाद संपणारा नाही. मिश्रधातूच्या चाकात ट्यूबलेस असतो, खिळा लागला तर रबराची वात खुपसून पाच मिनिटांत काम होतं. पण दगडावर आपटून ते चाक वाकलं किंवा तडकलं तर आडगावात काही करता येत नाही. तारांचं चाक मार खातं, वाकलं तरी ठोकून चालवता येतं, पण तारा जिथं रिममध्ये घुसतात तिथून हवा गळते म्हणून ट्यूब लागते. तारा असूनही ट्यूबलेस अशी चाकं आता मिळू लागली आहेत, महाग आहेत. मी जुन्या वळणाचा माणूस, ट्यूबवालाच. फक्त एक अट: घरच्या अंगणात, घड्याळ लावून, दोन टॉमी घेऊन स्वतः एकदा मागचा टायर उतरवायचा, ट्यूब बदलायची आणि परत चढवायचा. पहिल्यांदा मला दोन तास लागले आणि नवी ट्यूब मीच टॉमीनं चिमटून फोडली. बरं झालं, अंगणात फोडली.

बटणाचा टायर सगळ्यांना आवडतो. मोठमोठे गुट्टे, गाडी लगेच रांगडी दिसते. पण कोल्हापूरहून मनालीला पोचायलाच दोन हजार किलोमीटरहून जास्त डांबर आहे. मऊ बटणं राजस्थानच्या उन्हात घासत न्यायची आणि खरी माती लागेल तेव्हा ती निम्मी झालेली; शिवाय ओल्या डांबरावर वळणात ती पकड देत नाहीत. लांबच्या प्रवासाला निम्मा डांबराचा, निम्मा मातीचा असा मधला टायर बरा. दिसायला साधा असतो. चिक्केवाडीसारखी वाट एका दिवसात करून यायची असेल, तर बटणं जरूर लावा.

आता आखणी. माझ्याकडं एक साधा हिशेब आहे, कुठल्या पुस्तकातला नाही: कच्च्या रस्त्याचा एक किलोमीटर म्हणजे पक्क्याचे तीन. चाळीस किलोमीटर माती असेल तर ती एकशे वीस समजून दिवस आखा. पेट्रोलही तिथं पाऊणपटीनंच पुरतं, कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच दिवस जातो. मुक्काम अंधाराआधी दोन तास. सह्याद्रीच्या दरीत पंचांगातला सूर्यास्त धरू नका. डोंगराआड सूर्य आधीच जातो. दर चार दिवसांनी एक रिकामा दिवस ठेवा. तो वाया जात नाही, ज्यांनी ठेवला नाही त्यांना विचारा. आणि वेग ठरवायचा तो सगळ्यात मागच्या माणसाचा. त्याला पुढं काढा, बाकीच्यांनी मागं राहा. आमच्यातल्या तरुणांना हे पटत नाही, कारण फोटोत पुढं कुणी दुसराच दिसतो.

पावसाळ्यात कोल्हापूरकराला वेगळी आखणी लागते. राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडं लहान मूलही विचारतं: एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीकाठचे रस्ते पुढं काय होणार ते समजून घ्यायचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं, तिथं आडरस्त्यांची काय कथा. रस्त्यावरून वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. पाणी गुडघ्याएवढं दिसतं, खालचा रस्ता आहे की वाहून गेला हे दिसत नाही. पुढच्या गावात चहा प्या, थांबा.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, थोडी कडू आहे. आपण ज्याला ऑफरोड म्हणतो, तो कुणाचा तरी रोजचा रस्ता असतो. तिथं सायलेन्सर फोडलेल्या दहा गाड्या घेऊन जायचं, ओल्या मातीत चऱ्या पाडायच्या आणि संध्याकाळी घरी यायचं. दुसऱ्या दिवशी त्या चऱ्यांतून डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाई चालते. पठारांचं तर विचारू नका. जांभ्यावर बोटभर मातीचा थर, त्यात पावसाळ्यात इवली इवली फुलं. एकदा चाक फिरलं की तो थर सुटतो आणि वाहून जातो. मसाई पठारावर मीही तरुणपणी गाडी घातली आहे, मोठ्या अभिमानानं. ते पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. राधानगरीचं अभयारण्य तर २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. जंगलात शिरण्याआधी वनखात्याला विचारा. नाही म्हणाले तर परत फिरा, आपल्याकडं वाटांचा दुष्काळ नाही.

२०१४ साली आम्ही तिघं लडाखला गेलो. मेहुणा येऊ शकत नव्हता. निघायच्या आदल्या रात्री तो घरी आला, हातात दोनशे पानी वही. म्हणाला, "दाजी, रोज संध्याकाळी मला फोन करायचा. कुठं आहात, उद्या कुठं जाणार, वाटेत कुठली गावं. फोन नाही आला तर किती वेळ थांबायचं आणि कुणाला फोन करायचा, ते आत्ता सांगा." मी वरमलो. दोन महिने आखणी करत होतो, नकाशे, पेट्रोल, ट्यूब, औषधं, सगळं. पण आम्ही बेपत्ता झालो तर घरच्यांनी कुठं शोधायचं हे कुणालाच सुचलं नव्हतं. ते सुचलं फक्त त्याला, जो कातळावर दोन तास पडून होता.

त्या प्रवासात मनालीच्या पुढं तांडीला पेट्रोल पंपावर पाटी होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. कॅन भरले. खारदुंग ला खिंडीत पोचलो तेव्हा काट्यानं हवा मोजली. कोल्हापुरात भरलेल्या आकड्यापेक्षा तीन पौंड जास्त. आधी मला काटा बिघडला असं वाटलं. संध्याकाळी कागदावर हिशेब केला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, ती खिंड ५३५९ मीटर. (तिथल्या पाटीवर ५६०२ लिहिलेलं असायचं, ते खरं नाही, पण फोटो सगळे त्या पाटीसमोरच काढतात, आम्हीही काढला.) एवढ्या उंचीवर बाहेरची हवा विरळ, म्हणून टायरमधली हवा सुमारे सहा पौंड जास्त जोर दाखवते, आणि थंडीमुळं तीन-साडेतीन पौंड कमी होतात. वजाबाकी बरोबर जुळली. रात्री फोनवर मेहुण्याला सांगितलं, तर त्यानं तेही वहीत लिहून ठेवलं. डांबर संपून खडी लागते त्या उतारावर हे तीन पौंड जास्तीचेच असतात, हे लक्षात ठेवा आणि काढून टाका.

ती वही आता चौथी झाली. आमच्या ओळखीतलं कुणीही लांब निघालं की त्याचं नाव तिच्यात असतं. फोन यायला अर्धा तास उशीर झाला तर मेहुणा जेवायला बसत नाही, अशी त्याच्या बायकोची तक्रार आहे.

गेल्या जूनमध्ये त्याचा मुलगा, माझा भाचा, दोन मित्रांबरोबर स्पितीला निघाला. बाप दवाखान्यात होता तेव्हा हा दहा वर्षांचा होता. आता नोकरीला लागलाय, स्वतःच्या पैशानं गाडी घेतलीय, जुनीच, पण चांगली. रविवारी पहाटे निघायचं होतं. शनिवारी संध्याकाळी गाडी माझ्या वर्कशॉपमध्ये आणली. पेट्या बांधलेल्या, झेंडा लावलेला. "मामा, सगळं ओके आहे. टायर तर बघा, खाचा नव्यागत." मी काही बोललो नाही, कारण माझा मेहुणा स्टूल ओढत होता. घोटा वाकत नाही म्हणून त्याला उकिडवं बसता येत नाही. स्टुलावर बसून, मोबाइलची बॅटरी लावून तो मागचं चाक हळूहळू फिरवत राहिला. एका जागी थांबला. मुलाला म्हणाला, "वाच."

"एक्केचाळीस सतरा."

"म्हणजे?"

पोरगं गप्प. मग हळूच म्हणालं, "ऑक्टोबर सतरा."

शनिवारी रात्री त्या मापाचा टायर गावात मिळाला नाही. रविवारी दुकानं बंद. पोरगं रुसलं, मित्रांनी तोंडं पाडली, एकानं सांगितलं की हॉटेलचं बुकिंग जाईल. गेलं. सोमवारी नवा टायर आला; तारीख वाचून मगच बाप लेकानं मिळून तो चढवला, टॉमी लेकाच्या हातात. वहीत पहिली नोंद आहे: मंगळवार, पहाटे पाच चाळीस, तिघं निघाले, पुढं पंचवीस, मागं अठ्ठावीस पौंड.